कॉम्बो सोडा, लेन्सकडे बघा

सप्रेम नमस्कार.

मी मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले. डिसेंबरात आम्ही भिशीच्या आठजणी टेम्पो ट्रॅव्हलर करून बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी असा पाच दिवसांचा दौरा करतोय. फोटोंची मला पहिल्यापासून हौस, पण आजवर सगळं फोनवर. गेल्या वर्षी वेरूळला काढलेले फोटो मोठे करून बघितले तर दगड दगडासारखा दिसेना, मेण लावल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. म्हणून या वेळी कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. निवृत्तीच्या पैशांतले नव्वद हजार त्यासाठी बाजूला काढलेत. भाचा म्हणतो, घ्यायचाच तर फुल फ्रेम घे, नाहीतर घेऊच नको. लेक म्हणते, आई, त्यापेक्षा नवा फोन घे. दुकानदाराने डीएसएलआर, दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, फिल्टर असा कॉम्बो सांगितलाय आणि ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणतो. माझा उजवा खांदा मध्यंतरी आखडला होता. आता बरा आहे, पण जड उचलवत नाही. या फोटोंचं कॅलेंडर छापून चार भावंडांना द्यायचं मनात आहे. काय घेऊ?

— एक वाचक, सहकारनगर, पुणे

ताई, आधी त्या रविवारचं ओझं मनावरून उतरवा. ऑफर दर सणाला येतात, आणि दसरा-दिवाळी अजून पुढेच आहे. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेरूळच्या दगडाबद्दलचं वाक्य. बहुतेक जण ‘चांगला कॅमेरा सुचवा’ एवढंच लिहितात. तुम्ही नेमकं काय खटकलं ते लिहिलंत, त्यामुळे काय घ्यायचं हे निम्मं तिथेच ठरलं.

तो मेणचटपणा कुठून येतो ते सांगते. फोनचा सेन्सर नखाएवढा असतो. लेण्यात उजेड आधीच कमी, त्यातला या एवढ्याशा सेन्सरवर पोचतो तो फारच थोडा. मग फोटोत दाणे उठतात. फोन लागोपाठ काढलेल्या अनेक फ्रेम एकमेकींवर बसवतो, दाणे पुसून काढतो आणि शेवटी कडा धारदार करून देतो. चेहऱ्याला, आकाशाला हे चालून जातं. पण छिन्नीचा बारीक घाव कुठला आणि अंधारामुळे उठलेला दाणा कुठला, हे त्याला दर वेळी ओळखता येत नाही. तो दोन्ही पुसतो. त्यातून बोटांनी झूम केलं असेल तर उरलासुरला पोतही जातो.

तुमच्या लेकीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. फोटो फोनवरच बघायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असते तर मीही नवा फोनच घ्या म्हटलं असतं. पण तुम्हाला दगडाचा पोत हवाय आणि कागदावर छापायचंय. या दोन गोष्टींसाठी कॅमेरा घेणं योग्य आहे. फोन तरीही सोबत असणारच. मैत्रिणींचे फोटो, व्हिडिओ आणि देवळाबाहेरच्या माहितीफलकांचे फोटो त्यावरच काढा, म्हणजे परत आल्यावर कुठलं शिल्प कुठलं ते आठवत बसावं लागणार नाही.

आता भाच्याच्या फुल फ्रेमकडे वळू. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण किती ते मोजून बघितलेलं बरं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याच्या खालचा, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो निकॉन, सोनी, फुजीमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, आणि कॅननमध्ये किंचित लहान. क्षेत्रफळ काढलंत तर फुल फ्रेम साधारण सव्वादोन ते अडीचपट मोठा भरतो. म्हणजे अंधारात त्याचा फायदा एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). आता लेन्सचं गणित बघा. कॅमेऱ्याबरोबर येणारा किट झूम जरा लांबच्या टोकाला नेला की त्याचं तोंड एफ ५.६ किंवा ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). त्याच कॅमेऱ्याला एफ १.८ ची लेन्स लावली तर एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. बदामीच्या लेण्यात उभं राहिल्यावर तुम्हाला अडीचपट हवं की दहापट?

भाचा यावर म्हणेल की एफ १.८ ची लेन्स फुल फ्रेमलाही लावता येते. येते, आणि फोटो आणखी चांगला येईल. पण मग नव्वद हजारांत बॉडीसुद्धा जेमतेम बसेल, आणि वजनाचं काय? फुल फ्रेमवर लोक हौसेने लावतात ती २४-७० एफ २.८ लेन्स एकटीच सातशे ते नऊशे ग्रॅमची असते. बॉडी धरून दीड किलोच्या घरात जातं. हंपीतल्या मातंग टेकडीच्या पायऱ्या चढताना हे दीड किलो तुमच्या त्याच खांद्यावर असेल. खांदा दुखायला लागला की कॅमेरा बॅगेत जातो, बॅग गाडीत जाते, आणि मग फोटो फोनवरच निघतात. माझ्या फोटोग्राफीच्या वर्गांना येणाऱ्या कितीतरी जणांचं असंच झालेलं मी बघितलंय. त्यात तरणीताठी मुलंही होती.

म्हणून माझा सल्ला असा. एपीएस-सी सेन्सरचा छोटा मिररलेस (म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला) कॅमेरा, त्याच्याबरोबर येणारा १६-५० किंवा १८-४५ चा छोटा झूम, आणि वेगळी विकत घेतलेली एक मोठ्या तोंडाची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स. तिन्ही मिळून वजन पाऊण किलोच्या आसपास जाईल. कॅननचा आर ५०, निकॉनचा झेड एफसी, सोनीचा ए ६४०० हे या वर्गातले. कुठल्याही एकाने तुमचं काम होईल, त्यामुळे हातात धरून बघा आणि जो बरा वाटेल तो घ्या. पैसे मात्र अशा हिशेबाने वाटा की प्राइमसाठी वीस-पंचवीस हजार हातात राहतील. दुकानात बहुतेक वेळा याच्या उलट होतं. माणूस बॉडी एक पायरी वरची घेतो, लेन्सला पैसे उरत नाहीत, आणि महागड्या बॉडीवर कायम किट लेन्सच चढलेली राहते.

प्राइम कितीची घ्यायची? देवळाच्या मंडपात मागे सरकायला जागा नसते, म्हणून ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स मोहात पाडत असली तरी तुमच्या दौऱ्यासाठी ती नको. एपीएस-सीवर ती फुल फ्रेमवरच्या ७५-८० सारखी वागते, म्हणजे तिच्यात समोरचं थोडंच मावतं. चेहऱ्यांना सुंदर, पण खांबांच्या गर्दीत अडचणीची. निकॉन घेतलात तर २४ मिलिमीटर एफ १.७ बघा, अवघी १३५ ग्रॅमची आहे. सोनीत ३५ मिलिमीटर एफ १.८ आहे, ती थोडी अरुंद असली तरी लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन असल्याने हात हलला तरी सांभाळून घेते. एकंदरीत २४ ते ३५ च्या मधली बघा.

मेगापिक्सेलची चिंता करू नका. ए३ आकाराचं कॅलेंडर तीनशे डीपीआयने छापायला ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे साडेसतरा मेगापिक्सेल. या वर्गातले कॅमेरे वीस ते चोवीसचे असतात. कडेने थोडं कापूनही पुरतं.

दुकानदाराचा कॉम्बोही जरा उघडून बघू. डीएसएलआरने आजही उत्तम फोटो येतात, त्यात वाद नाही. पण २०१८ साली कॅनन आणि निकॉन दोघांनी फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे नव्या माउंटसह, म्हणजे लेन्स बसवायच्या नव्या खाचेसह, आणले आणि नव्या लेन्सचं काम तिकडे वळलं. आज पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याने जुन्या माउंटमध्ये पैसे गुंतवू नयेत. कोणी ओळखीतला सुस्थितीतला डीएसएलआर अगदी कमी पैशांत देत असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी लेन्स बहुधा ५५-२५० किंवा ७०-३०० असणार. पुढे कधी भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलात तर लांबची लेन्स लागेल, पण ती दोन दिवस भाड्याने मिळते. हंपी-बदामीत ती बॅगेतच राहील.

आणि ट्रायपॉड. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत हातात कॅमेरा धरून फोटो काढता येतात, पण ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. तुम्ही जाताय ती जवळजवळ सगळी ठिकाणं याच खात्याकडे आहेत. म्हणजे ज्या कॉम्बोची किंमत ट्रायपॉड दाखवून वाढवली, तो ट्रायपॉड तुम्हाला दारातच ठेवावा लागेल. फिल्टरचंही तसंच. स्वस्त काचेमुळे उन्हात फोटोवर फिकट पडदा येतो. त्याऐवजी लेन्सचं हूड घ्या, ऊनही अडतं आणि लेन्सला धक्काही लागत नाही. कॉम्बोतली बॅगही नको. जाड कप्प्यांचा एक छोटा पाउच घ्या आणि तो तुमच्या नेहमीच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवू नका, तिरका डाव्या खांद्यावरून घ्या.

दुकानात गेलात की एक गोष्ट आठवणीने करा. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीकसं चाक असतं, डायॉप्टरचं. वाचायचा चष्मा काढून डोळा लावा आणि आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. आपल्या वयाच्या अनेकांना कॅमेरा ‘धूसर दिसतो’ असं वाटतं ते या चाकाला कोणी हातच न लावल्यामुळे. ते फिरवूनही आकडे नीट दिसत नसतील तर तो कॅमेरा तुमच्या डोळ्याला जुळत नाही, दुसरा बघा. मग दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात चार फोटो काढा. जीएसटीचं पक्कं बिल, कंपनीची भारतातली वॉरंटी, आणि बिलावरचा, खोक्यावरचा, कॅमेऱ्यावरचा नंबर एकच आहे ना हे पाहून पैसे द्या. बिलाशिवाय चार-पाच हजार कमी करतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बिघडला तर तो कॅमेरा कंपनी वॉरंटीत धरणार नाही.

जुना घ्यायचं मनात आलं तर बॉडीपेक्षा लेन्स नीट तपासा. पुण्यातला पावसाळा लेन्सला मानवत नाही, कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. फोनचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर हात जोडून परत करा. नव्या लेन्सचीही हीच काळजी: घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहिला की झालं. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका.

खरेदी दसऱ्यालाच उरका, डिसेंबरची वाट बघू नका. मुहूर्त आहे म्हणून नव्हे, हात बसायला दोन महिने लागतात म्हणून. नवा कॅमेरा खोक्यातून काढून थेट गाडीत बसणाऱ्यांचे निम्मे फोटो बटणं शोधण्यात जातात. आणि सरावाला तुम्हाला लांब जायला नको. बदामीला उजेडाचा जो प्रश्न तुमच्यापुढे उभा राहणार आहे, तोच जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला आहे. बाहेर अंगणात लख्ख ऊन, त्यात गोल नंदीमंडप, आणि आत कातळात खोदलेली अंधारी लेणी. आत उभं राहून बाहेरचा नंदीमंडप घेतलात की खांब काळेठिक्कर पडतात. खांब दिसावेत म्हणून उजेड वाढवलात की बाहेर सगळं पांढरं होतं. एका फोटोत दोन्ही मिळणार नाही, त्यातलं कुठलं हवं ते आपण ठरवायचं. सकाळी आठला जा आणि पुन्हा कधीतरी दुपारी बाराला जा. पूजा चालू असते, तेव्हा लोकांना त्रास होणार नाही असं बाजूला उभं राहायचं.

दगडाच्या पोतासाठी मात्र मी तुम्हाला सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला पाठवीन. अठराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं देऊळ. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला एक गेंडा कोरलाय, शेजारी शिपाई आहेत. त्या साखळीवर कॅमेरा धरा. ढगाळ दिवशी ती साखळी भिंतीत विरून जाते. ऊन समोरून पडलं की दिसते, पण चपटी. ऊन कडेने घासून जाऊ लागलं की एकेक कडी सुटी होते, कडीच्या आतली सावली दिसते, गेंड्याच्या कातडीच्या घड्या उठून येतात. कॅमेरा तोच, लेन्स तीच, आणि फोटो दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे. तुमच्या वेरूळच्या फोटोंतला थोडा मेणचटपणा या सपाट उजेडाचाही असू शकतो. कडेचं ऊन कुठल्या वेळी येतं ते हेरायची सवय डोळ्याला एकदा लागली की हंपीत तुम्ही कॅमेरा उचलायच्या आधी सूर्याकडे बघाल.

तिथेच आणखी एक गोष्ट शिकून घ्या. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. काळा दगड भरून राहिला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. काळा दगड मग धुरकट, करडा येतो. अशा वेळी प्लस-मायनसचं चाक, म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एकवर न्या. दगड पुन्हा काळा होईल. बदामीचा प्रश्न रंगाचा आहे. तिथला वालुकाश्म तांबडा, आणि संध्याकाळी तो पेटल्यासारखा दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्स ती लाली जास्त झाली असं समजून कमी करू बघतो. तिथे व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा, सूर्याचं चिन्ह असतं त्यावर. हंपीच्या ग्रॅनाइटला हे फारसं लागत नाही.

बाकीची मांडणी एकदा करून ठेवली की पाच दिवस बघावी लागणार नाही. मोड ए (यात लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), कॅननवर त्यालाच एव्ही म्हणतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटो, वरची मर्यादा ६४००. कॅमेऱ्यात सोय असेल तर शटर स्पीड १/१२५ च्या खाली जाऊ नये असं सेट करा. फोटो रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्हीत. फ्लॅश बंद. लेण्यात थोडे दाणे उठले तर उठू द्या, छापल्यावर ते कागदात जिरतात. हात हलून फिस्कटलेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता बटण दाबा. कोरीव खांबाला रेलू नका, एवढं तुम्हाला सांगायला नको. चौसष्ट जीबीची दोन कार्ड आणि एक जादा बॅटरी घ्या. रोज रात्री खोलीवर गेल्यावर निवडक फोटो फोनवरही उतरवून घ्या, कार्ड हरवलं तरी दिवस वाया जायला नको.

हंपीत विरूपाक्षाच्या देवळात एक जागा आवर्जून शोधा. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या फटीतून येणारा उजेड समोरच्या भिंतीवर पुढच्या गोपुराची छबी पाडतो, कळस खाली आणि पाया वर. सुमारे पन्नास मीटर उंचीचं गोपुर एवढंसं होऊन भिंतीवर उलटं लटकतं. लेन्स नाही, काच नाही. तुमच्या हातातल्या कॅमेऱ्यातही सेन्सरवर चित्र असंच उलटं पडतं. हा फोटो विचारून काढा, आणि प्राइम लेन्सनेच काढा, एफ १.८ उघडं ठेवून. किट झूमने तिथे फार काही हाती लागणार नाही.

माणसांचे फोटो काढायचे असतील तर आधी हसून विचारा, ‘फोटो तेगेयबहुदा?’ कन्नडमध्ये एवढं आलं तरी लोक खुलतात. नको म्हणाले तर कॅमेरा खाली.

कॅलेंडर जानेवारीत नको. डिसेंबरात फिरून येऊन महिनाअखेरीस छापायचं म्हणजे घाईघाईत निवड होणार. चैत्र ते फाल्गुन असं करा आणि पाडव्याला भावंडांना द्या. निवडलेले बारा फोटो एकदम छापायला टाकू नका. आधी सगळ्यात अंधारा फोटो एकच छापून बघा. पडदा स्वतःच उजळ असतो, कागद नसतो, त्यामुळे स्क्रीनवर छान दिसणारी लेणी कागदावर नेहमी एक-दोन पायऱ्या काळी येतात. त्या एका प्रिंटवरून सगळ्या फोटोंचा उजेड किती वाढवायचा ते कळेल.

शेवटचं, आणि माझ्या मते कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं, ते तुमच्या टेम्पो ट्रॅव्हलरचं वेळापत्रक. साडेआठला नाश्ता, साडेनऊला निघायचं असा दौरा असला की विठ्ठल मंदिरात तुम्ही भर दुपारी पोचणार. पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ बाराच्या उन्हात चपटा दिसतो, आणि त्याच्याभोवती गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त असते. मैत्रिणींशी आत्ताच बोला. रोजचा दिवस सगळ्यांनी तुमच्या फोटोंसाठी फिरवावा असं मी म्हणत नाही, दोन वेळा मागून घ्या. एक बदामीची संध्याकाळ: लेणी दुपारी बघून झाली की अगस्त्य तळ्याच्या पूर्व टोकाला भूतनाथाच्या देवळापाशी या, मावळतीचं ऊन थेट देवळावर येतं. दुसरी हंपीची एक सकाळ: विठ्ठल मंदिर उघडताच आत. आत मूर्ती नाही. भानुदासांनी पंढरीचा विठ्ठल इथून परत नेला ही कथा तुमच्यातल्या कोणाला तरी येत असेलच, त्या निमित्ताने बाकीच्याही लवकर उठतील. दुपारचं ऊन हंपीजवळच्या कमलापूरच्या संग्रहालयात काढा, फक्त तो शुक्रवार नाही ना ते बघा, शुक्रवारी ते बंद असतं. दुपारी बाहेरच राहावं लागलं तर मंडपांच्या सावलीत शिरा आणि खांबांवरची शिल्पं प्राइमने घ्या. अंगणातल्या फरशीवरून परतलेला उजेड तिथे मऊ येतो.

आणि त्या सकाळी उरलेल्या सातजणींपैकी कोणीच उठायला तयार नसेल, तर आदल्या रात्री लॉजवर सांगून एक रिक्षा ठरवून ठेवा. तुम्ही आणि सोबतीला एक मैत्रीण पुढे जा. बाकीच्या नाश्ता करून येतील तोवर तुमचे हवे ते फोटो काढून झालेले असतील.